औषधं मावशीच बघायच्या

८ जून, सोमवार

आईला झटका आल्यापासून मी कुणाशी सलग दोन वाक्यं बोललेली नाही. म्हणून ही डायरी. कागद मध्येच तोडून बोलत नाही, हा एक मोठा फायदा. (एवढं लिहिलं आणि हाक आलीच. जाऊन आले. उशी सरकली होती.)

आईची डावी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत आहे. आयुष्यभर शाळेत पोरं हाकली, ती सवय जाणार कशी? तिला सांभाळायला येणाऱ्या मावशी आज तिचं अंग पुसत होत्या. आई म्हणाली, "अगं हळू, मी काय कढई आहे?" मावशी म्हणाल्या, "कढई असता आजी, तर एव्हाना चकचकीत झाला असता." दोघी हसत सुटल्या. मी दारात उभी होते. माझ्याशी आई अशी कधी बोलत नाही. माझ्याकडे फक्त मागते. पाणी दे, पंखा कमी कर, चिमे इकडे ये, चिमे कूस बदल.

मावशी आजारी माणसांसाठी बायका पुरवणाऱ्या ब्यूरोकडून येतात. सकाळी आठ ते एक, मग संध्याकाळी पाच ते आठ. वीस वर्षं हेच काम करतात. आईचं जेवण, आंघोळ, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरणं, सगळं त्यांच्याकडे. सकाळी मी दातांच्या लॅबमध्ये असते. दुपार माझ्या वाट्याला.

आणि दुपारीच माझं खरं काम असतं. मी कवळ्या बनवते. लॅबच्या मालकांनी मेहेरबानी केली, अर्धं काम घरी न्यायची परवानगी दिली. जेवणाच्या टेबलावर मी परक्या माणसांचे जबडे मांडून बसते. गरम मेणात एकेक दात रोवायचा, वरचा खालच्याला नीट भिडतोय का बघायचं. एका दाताचा तिरपेपणा चुकला तर तो माणूस जन्मभर एका बाजूने चावत राहील. आणि नेमका सुळा धरला की आतून, "चिमे!"

भाऊ दर रविवारी फोन करतो. "ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे," म्हणतो. त्याला निर्धास्त राहणं चांगलं जमतं.

१७ जून, बुधवार

डॉक्टरांनी आईला रात्री झोपेची अर्धी गोळी लिहून दिली आहे. आज दुपारीही अर्धी दिली. औषधच आहे, विष नव्हे. तिची तगमग थांबली, मला काम करता आलं. एक पूर्ण कवळी आणि दुसरीचे पुढचे सहा दात झाले. साडेचारला उठून तिने चहाही घेतला. कुणाचं काय बिघडलं?

तिला खरं तर विश्रांतीची गरजच होती.

२८ जून, रविवार

रविवारी मावशींची सुट्टी असते. गेले कित्येक रविवार उपासना बुडत होती, जिवाला लागून राहिलं होतं. आज न्याहारीनंतर आईला गोळी दिली (अर्धीने हल्ली भागत नाही, एक दिली), बाहेरून कडी घातली आणि चर्चला गेले. किती दिवसांनी गायले! शेजारच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, "आईचं इतकं करून वर देवालाही वेळ देतेस, धन्य आहे तुझी."

आमच्या पाळकांची खालची कवळी माझ्याच हातची. ती थोडी सैल झालीय, पण ते दुरुस्तीला येत नाहीत. आजचा विषय पश्चात्ताप. दर वेळी 'प' आला की कवळी टक् करून वाजायची. प्रभू म्हणजे टक्, पाप म्हणजे टक् टक्. मागच्या बाकावरच्या मुली खुसखुसत होत्या. मलाही हसू आवरेना. प्रवचनात काय होतं ते आता आठवत नाही. एवढंच, की रडू येणं वेगळं आणि वळणं वेगळं.

घरी आले तर आई झोपलेलीच होती. अंथरूण ओलं. मी न बोलता बदललं. तिने डोळे किलकिले करून विचारलं, "सकाळ आहे का संध्याकाळ?"

९ जुलै, गुरुवार

आज डोकं फिरलं माझं. मावशी संध्याकाळी स्वयंपाकघरात आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "ताई, एक विचारू? दुपारनंतर आजींची जीभ जड असते. पायात जोर नसतो. आणि झोपेच्या गोळ्या या वेळी लवकर संपल्या. तुम्ही दुपारच्याला काही देता का?"

मी म्हटलं, "मी कशाला देईन?"

"नाही, विचारलं आपलं."

"डबी तुम्ही भरता. हिशेब तुम्हाला ठाऊक."

 त्या पदराला हात पुसत राहिल्या. मला वाईट वाटलं, पण माणसाने आपली पायरी ओळखून बोलावं. आईच्या घरात मला जाब विचारणाऱ्या या कोण?

आणि आई माझ्याऐवजी त्यांना सांगत असणार, हे मला जास्त लागलं.

१६ जुलै, गुरुवार

घाईत लिहितेय. दातांच्या डॉक्टर बाईंचा सकाळपासून तिसरा फोन. त्यांच्या एका म्हाताऱ्या पेशंटची कवळी आज संध्याकाळच्या आत हवी, उद्या ते मुलाकडे परदेशी चाललेत. घासून चकाकी आणायची बाकी आहे. आई आज जेवल्यापासून हाका मारतेय, काही नको असताना. एक दिली. तरी चालूच. अजून एक दिली. आता शांत आहे. पावणेपाचला मी निघेन, पाचला मावशी येतीलच. किल्ली कुंडीखाली.

१८ जुलै, शनिवार

आई पडली.

परवा संध्याकाळी मावशी तिला संडासला न्यायला उभी करत होत्या आणि आई त्यांच्या हातातून निसटली. खुब्याचं हाड मोडलं. मी दवाखान्यात कवळी देत होते तेव्हा शेजाऱ्यांचा फोन आला. हॉस्पिटलमध्ये पोचले तर मावशी स्ट्रेचरला धरून उभ्या होत्या, अंगावर आईची लाळ, पायात एकच चप्पल.

भाऊ रात्रीच गाडी काढून आला. काल सकाळी डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात घेतलं. म्हणाले, "पेशंट भयंकर गुंगीत होत्या. अशा अवस्थेत माणूस उभं राहूच शकत नाही. झोपेचं औषध जास्त गेलंय. कुणी दिलं?"

 भावाने माझ्याकडे बघितलं. मावशींनीही माझ्याकडे बघितलं. त्यांच्या बघण्यात राग नव्हता, त्या नुसती वाट बघत होत्या.

मी म्हणाले, "औषधं मावशीच बघायच्या."

हे खरं आहे. शब्द न् शब्द खरा आहे. गोळ्या त्याच आणायच्या, डबी त्याच भरायच्या. मी कुणावर आरोप केला नाही. पुढचं सगळं भावाने केलं. आवाज चढवला, बोट नाचवलं, "म्हातारं माणूस झोपलेलं बरं, नाही का? बसून पगार घ्यायला मोकळं!" व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. मावशी एकदाच म्हणाल्या, "ताई, सांगा ना." मी त्या वेळी आईच्या फाइलमधला एक्स-रे शोधत होते.

त्यांनी तरी जड अंगाच्या बाईला एकटीने उभं का केलं? अनुभवी ना त्या?

२१ जुलै, मंगळवार

ऑपरेशन झालं. आई शुद्धीवर आहे, पण छातीत कफ भरलाय.

सकाळी पहिलंच वाक्य, "ती कुठंय?" मी विचारलं, कोण. म्हणाली, "अगं माझी बाई. तिला लागलं असेल. मी तिच्या अंगावरच पडले."

मी सांगितलं, मावशी गावी गेल्या, त्यांच्याकडे कुणीतरी आजारी आहे.

"न सांगता?" आई म्हणाली. मग भिंतीकडे तोंड केलं.

दुपारी खाली चहाला गेले तर मावशी फाटकाशी उभ्या. भावाने वॉचमनला सांगून ठेवलंय, त्यांना आत सोडत नाहीत. हातात फडक्यात गुंडाळलेला डबा होता. मी खांबाच्या आड थांबले. चहा तसाच राहिला.

३० जुलै, गुरुवार

आई गेली. पहाटे.

काल दिवसभर विचारत होती. आली का, आली का.

९ ऑगस्ट, रविवार

आज आईसाठी प्रार्थनासभा झाली. चर्चचा हॉल भरला होता. तिचे जुने विद्यार्थी आले होते, टक्कल पडलेले, पोटं सुटलेले, आणि लहान पोरांसारखे रडत होते.

शेवटी पाळक म्हणाले, कुणाला साक्ष द्यायची, म्हणजे सगळ्यांपुढे मनातलं सांगायचं असेल तर या. मी बोलायचं ठरवलं नव्हतं. पाय आपोआप उठले. मी म्हणाले, "मी पापी आहे. आईची सेवा करताना मी कमी पडले. कंटाळले, चिडले. प्रभू मला क्षमा करो." मला रडू कोसळलं. हॉलमध्ये सगळ्यांचे डोळे भरून आले. बायकांनी मला जवळ घेतलं. एक जण म्हणाली, "तू कमी पडलीस तर आम्ही कुठल्या झाडाचा पाला!" चर्चचा कारभार बघणाऱ्यांतले सगळ्यांत म्हातारे वडीलजन माझा हात धरून म्हणाले, "खरा पश्चात्ताप आज डोळ्यांनी बघितला."

खरंच हलकं वाटलं. घरी येऊन पोटभर जेवले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

पाळक मात्र काही बोलले नाहीत. जाताना चपला घालता घालता विचारलं, "आईला सांभाळायला ज्या बाई यायच्या, त्या दिसल्या नाहीत?" मी म्हटलं, कळवलं नव्हतं.

१९ ऑगस्ट, बुधवार

हलकं वाटणं टिकत नाही. टेबलावर काम घेऊन बसते, घरात चिटपाखरू नाही, हवी होती तशी शांतता, आणि तासभर एक दात हातात धरून बसते. आज मालकांनी माझी कवळी परत केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डावी बाजू भिडतच नव्हती.

२० ऑगस्ट, गुरुवार

पाळकांकडे गेले. ते घरामागे सायकलची चेन बसवत होते. हात काळे. "बोल," म्हणाले, "हात थांबवत नाही, कान तुझ्याकडे आहेत."

मी म्हटलं, "आईच्या बाबतीत आमच्याकडून चूक झाली."

"आमच्या म्हणजे कुणाकुणाच्या?"

"म्हणजे... घरात एकटं माणूस. भाऊ फिरकत नव्हता. कामाचा रेटा. परिस्थितीच अशी होती की..."

"मग परिस्थितीला पाठव," ते म्हणाले. "तिच्याशी बोलतो. तू कशाला आलीस?"

मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं. कुणी जवळ घेतलं नाही, पाणी आणलं नाही. चेन बसवून झाल्यावर चिंधीला हात पुसत म्हणाले, "बाळ, सभेत तू रडलीस ना, तेव्हाच माझ्या मनात आलं. तू जे बोललीस ते इथे कुणीही उठून बोललं असतं. मीसुद्धा. कंटाळलो, चिडलो. जे पाप सगळ्यांच्या मापाचं असतं, ते आपलं नसतं. तुझ्या एकटीच्या मापाचं काय आहे ते देवापुढे ठेव. आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्यापुढे."

"प्रभू क्षमा करत नाही का?"

"करतो. पण तू केलेल्याची. तू न केलेल्याची कशी करेल?"

मला भयंकर राग आला. उठून निघून आले. म्हाताऱ्याची कवळी फुकट करून दिली होती मी.

२७ ऑगस्ट, गुरुवार

भावाचा फोन. आवाज खुशीत. म्हणाला, "ताई, त्या बाईचा पुरता बंदोबस्त केलाय. ब्यूरोने नाव काढून टाकलं. शिवाय ती आधी ज्या तीन-चार घरी जायची त्यांचे नंबर मिळवून एकेकाला सांगितलं. तुमच्या पलीकडच्या इमारतीतसुद्धा. आता या शहरात म्हाताऱ्या माणसाला हात लावायची नाही ती."

मी म्हणाले, "बरं केलंस."

फोन ठेवल्यावर हात धुतले. मग ते शब्द कानात आले. माझ्याच आवाजात. बरं केलंस.

तेव्हा माझ्यावर कसला रेटा नव्हता. आई हाका मारत नव्हती, डॉक्टर विचारत नव्हते. खुर्चीत बसले होते, पंखा चालू होता. कुणीही मला ढकललं नाही.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

मी आईला दुपारी झोपेच्या गोळ्या दिल्या. आधी अर्धी, मग एक, त्या दिवशी दोन. मला काम करायचं होतं, आणि मला तिचा आवाज नको होता. मावशींनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. मी आईला गुंगीत सोडून गेले आणि मावशींना चिठ्ठी ठेवली नाही, कारण चिठ्ठी ठेवली असती तर उघड झालं असतं. डॉक्टरांसमोर मी खरं वाक्य बोलून खोटं सांगितलं. आई मरताना जिला बोलवत होती, तिला मी येऊ दिलं नाही.

लिहिलं. वाटलं होतं लिहिल्यावर काहीतरी होईल. काही झालं नाही. दूधवाला आला.

२ सप्टेंबर, बुधवार

भावाकडे गेले. समोरासमोर सांगायचं होतं. भावजय मुलांना घेऊन बाहेर गेली होती. मी सगळं सांगितलं, वरच्यासारखंच, ओळीने.

तो आधी हसला. "तू थकलीयस ताई. दुःखात माणूस काहीही स्वतःवर घेतं."

"मी दिल्या, अरे. या हाताने."

मग त्याचा चेहरा बदलला. खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला. मला वाटलं आईसाठी रडतोय. वळला तेव्हा डोळे कोरडे होते. म्हणाला, "मी त्या बाईला व्हरांड्यात काय काय बोललो, आठवतंय तुला? घरोघर फोन केले मी. आता हे खरं असेल तर मी कोण झालो?"

"तू माझ्या शब्दावर बोललास. ते माझ्यावर."

"गप्प बस! काही उकरून काढायचं नाही. आई गेली, विषय संपला. डॉक्टर, पोलीस, नसत्या भानगडी. माझी मुलं आहेत. तुला देवाला सांगायचं तर सांग, तो कुठे बोलत नाही."

दारापर्यंत सोडायला आला नाही.

७ सप्टेंबर, सोमवार

ब्यूरोत गेले. एका जिन्याखालची खोली, दोन खुर्च्या, भिंतीवर बायकांचे फोटो. ब्यूरोच्या बाई चष्मा कपाळावर सरकवून ऐकत होत्या. मध्येच फोन आला तो त्यांनी कापला. माझं झाल्यावर म्हणाल्या, "ती इथे या खुर्चीत बसून शपथा घेत होती. मी तिला म्हटलं, घरचे लोक कशाला खोटं बोलतील?"

मी म्हटलं, त्यांचं नाव पुन्हा घ्या.

"घेईन हो. पण पाठवू कुठे? लोकांना एकदा कानावर आलं की पुरतं. मी सांगायचं, गैरसमज झाला होता? ऐकून घेतील आणि दुसरीला बोलावतील." त्यांनी पत्ता सांगितला. मी उठले तशा म्हणाल्या, "आणि तुम्हाला कधी बाई लागली, तर इथे येऊ नका."

१२ सप्टेंबर, शनिवार

काल मावशींकडे गेले.

एका लांबलचक चाळवजा इमारतीत, टोकाची खोली. दार उघडंच होतं. मावशी जमिनीवर पाय पसरून हाताला मलम लावत होत्या. एका खाणावळीत ताटं-पातेली घासतात. साबणाने बोटांची सालं निघालीत. हेच हात आईच्या पाठीला पावडर लावायचे. मला बघून उठल्या नाहीत. "या," म्हणाल्या. बसा म्हणाल्या नाहीत.

मी उभ्यानेच सांगितलं. वाटेत पाठ करत आले होते, तरी दोनदा अडखळले. त्यांनी मलमाची डबी बंद केली.

"मला ठाऊक होतं, ताई," त्या म्हणाल्या. "आजींनीच सांगितलं होतं. म्हणाल्या, चिमी देते, पण तिला बोलू नकोस, दमते पोरगी."

मी खाली बसले. 

"म्हणून त्या दिवशी मी पण बोलले नाही. तुम्ही बोलाल म्हणून थांबले. तुमची आई, तुमचं घर. मी कशाला तुमचं नाव घ्यायचं सगळ्यांसमोर? म्हटलं, ताई आत्ता बोलतील. आत्ता बोलतील." त्यांनी डबी बाजूला सारली. "आजींनी शेवटी माझी आठवण काढली का हो?"

नाही म्हणता आलं असतं. किंवा एकदा काढली, असं. त्यांना कमी लागलं असतं, आणि मलाही. मी म्हणाले, "रोज. शेवटच्या दिवशी सारखी. तुम्हाला लागलं असेल म्हणून काळजी करत होती."

"मी फाटकाशीच होते ना!" त्यांचा आवाज फुटला. "रोज येत होते. तुम्ही मला बघितलंत. खांबाआड तुमची साडी दिसली मला. का नाही बोलावलंत?"

कारणं होती. भाऊ होता, वॉचमन होता, आईला त्रास झाला असता. सगळी जिभेवर आली. मी म्हणाले, "तुम्ही आत आला असतात तर आई खरं बोलली असती. मला माझी अब्रू आईपेक्षा मोठी वाटली."

मावशी रडल्या. मोठ्याने, पदर तोंडात कोंबून. मी हात पुढे केला तर त्यांनी झटकला. "हात नका लावू."

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले. मी म्हटलं, "माझी क्षमा मागायची लायकी नाही, तरी..."

"मग मागू नका. क्षमा माझ्याजवळ नाहीये. देवाजवळ असेल तर त्याच्याकडे मागा, तुमचं त्याचं बरं जमतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ज्या घरी माझं नाव घाण केलंत, त्या घरी जाऊन सांगा. पायी जाऊन. फोनवर नाही. आणि सांगितलंत म्हणजे मी माफ केलं असं समजू नका. ते वेगळं."

मी हो म्हटलं.

"जा आता."

१३ सप्टेंबर, रविवार

उपासनेत उभी राहिले आणि सांगितलं. 'कमी पडले' म्हटलं नाही. काय केलं ते सांगितलं. रडू आलं नाही.  मला धन्य म्हणणाऱ्या बाईंनी बाकावर आमच्या दोघींमध्ये ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. वडीलजन खाली बघत होते. उपासना संपल्यावर माझ्याशी कुणी बोललं नाही, आणि मी वाट बघितली नाही. नाही, बघितली. थोडी.

पाळक शेवटी आले. "गेलीस का तिच्याकडे?"

"गेले. क्षमा नाही म्हणाल्या."

मला वाटलं, काहीतरी बोलतील, काहीतरी आधाराचं. ते म्हणाले, "तिचा हक्क आहे." आणि माझ्याबरोबर फाटकापर्यंत चालत आले.

१९ सप्टेंबर, शनिवार

भावाने ज्यांना फोन केले होते त्यातली दोन घरं झाली. पहिल्या घरी आजोबा मागच्याच महिन्यात वारले. सुनेने ऐकून घेतलं, "आता आम्हाला काय त्याचं," म्हणाली. दुसऱ्या घरी मुलाने पूर्ण ऐकण्याआधीच हात जोडले. "तुमच्या घरगुती भांडणात आम्हाला नका ओढू." मी दारात उभी राहून उरलेलं सांगितलं, बंद होत चाललेल्या फटीतून.

२४ सप्टेंबर, गुरुवार

पलीकडच्या इमारतीत, तिसरं घर. तिथल्या काकूंना अर्धांगवायू झालाय. बाई टिकत नाहीत म्हणून मुलगी मेटाकुटीला आलेली. तिने मला बसवलं, शांतपणे ऐकलं. मी मावशींचं सगळं सांगितलं. पाठीला एकही जखम होऊ दिली नाही, वाती वळतात तशा हलक्या हाताने कूस बदलायच्या, आई त्यांच्याशी हसायची. मुलीचा चेहरा जरा मऊ झाला. वाटलं, जमलं.

मग म्हणाली, "तुमचं खरं असेलही. पण मला भीती वाटते हो. एकदा कानात गेलं ना." उठता उठता म्हणाली, "आणि राग मानू नका, तुमच्यासारख्या बाईच्या शब्दावर मी आईला कुणाच्या हातात कशी देऊ?"

बरोबरच आहे तिचं.

उतरताना जिन्यात बसले. प्रार्थना करून बघितली. काही आलं नाही, नुसता श्वास आत-बाहेर. मावशी या वेळी पातेल्यांशी असतील. मी सगळ्या शहराला सांगत फिरले तरी उद्या सकाळी त्या पातेल्यांशीच असतील. आई मेली ती मेली, त्यांची वाट बघत. यातलं काहीही मला मागे नेता येणार नाही, आणि देवही ते मागे नेत नाही, हे मला आता कळलंय. पूर्वी वाटायचं, क्षमा म्हणजे घडलेलं पुसलं जातं.

भावाने फोन घेणं बंद केलंय.

चौथं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. उद्या लॅबमधून परस्पर जाईन. तिथे एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको राहतात. मास्तरांना ऐकू कमी येतं म्हणे. म्हणजे मोठ्याने सांगावं लागेल.